ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर: चौघांवरच भर द्यावा की आठही जणांना वाढवावं?

निन्टेंडो स्विचवर या रोल-प्लेइंग गेमचा २०१८ चा पहिला भाग खेळतोय, दुसरा नाही. आठ नायकांपैकी प्रिमरोजपासून सुरुवात केली. आठही जण मिळाले आणि सगळ्यांचे पहिले अध्याय झाले.

लढाई भन्नाट आहे. शत्रूचा कच्चा दुवा शोधून त्याची ढाल फोडायची, साठवलेले बूस्ट पॉइंट (वार जोरदार करणारे गुण) नेमके तेव्हाच उधळायचे. बॉस (अध्यायाचा मुख्य, तगडा शत्रू) मोठा वार करणार तोच ढाल फुटून गपगार पडला की मजा येते! पण आठ कथा आठ दिशांना. एकाचा अध्याय चालू असताना बाकीचे जणू तिथे नसतातच. ते एक वेळ चालेल, खरी अडचण एक्सपीची, म्हणजे लढायांतून मिळणाऱ्या, पातळी वाढवणाऱ्या अनुभवाची. तो फक्त त्या वेळी सोबत असलेल्या चौघांना मिळतो, बाहेरचे आहेत तिथेच राहतात. त्यात प्रिमरोजची कथा संपेपर्यंत तिला काढताही येत नाही, म्हणजे फिरवायला जागा तीनच.

खानावळीत जाऊन आळीपाळीने माणसं बदलून पाहिली, सगळेच अर्धेकच्चे राहिले. देवळांतून दुसरा जॉब (पात्राचा जास्तीचा पेशा) घेतला, त्याने लढाया सोप्या झाल्या, पण मागे पडलेले मागेच. सोपा मोड गेममध्ये नाही. रोज तासभरच खेळता येतं, त्यामुळे तेच ते शत्रू मारत बसणं परवडणारं नाही.

शेवटच्या छुप्या बॉसला आठही जण लागतात, एवढं कळलंय. कथेतलं काही फोडू नका, प्लीज. ज्यांनी तो बॉस हरवलाय त्यांनी सांगा: चौघांच्या कथा आधी संपवून उरलेल्यांना नंतर भराभर वर आणता येतं का, की दुसऱ्या अध्यायापासूनच सगळ्यांना सोबत वाढवावं लागतं?