रिमोट टेस्टर: एलईडी उलटी जोडू नका

टीव्हीसारख्या उपकरणाचा रिमोट चालतो की नाही हे तपासायला मोबाईलच्या कॅमेऱ्यात त्याचा दिवा लुकलुकतो का ते बघा, असा एक उपाय सांगतात. तो ठीक, पण बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड (रिमोटमधून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) गाळणारी काच असते, म्हणून पुढचा कॅमेराही वापरून बघा. शिवाय दिवा लुकलुकला म्हणजे सिग्नल बरोबर आहे असं नाही.

त्यासाठी छोटा टेस्टर बनवायला टीएसओपी १७३८ (रिमोटचा इन्फ्रारेड सिग्नल पकडणारा तीन पायांचा रिसीव्हर) घेतलात तर तो ३८ किलोहर्ट्झच्या आसपासच्याच सिग्नलला दाद देतो. नवशिके हमखास फसतात ते इथे: याचं आउटपुट एरवी 'हाय' (५ व्होल्टच्या आसपास) असतं आणि सिग्नल आला की 'लो' (शून्याच्या आसपास) होतं. त्यामुळे एलईडी आउटपुट आणि ग्राउंडमध्ये नाही, तर ५ व्होल्ट आणि आउटपुटमध्ये लावायची, सोबत १ किलोओहमचा रेझिस्टर. मी पहिल्यांदा उलटं जोडून तासभर चांगल्या रिमोटला शिव्या घातल्या होत्या!

रिसीव्हरच्या पायांचा क्रम डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) बघूनच जोडा, मॉडेलगणिक बदलतो. बटण न दाबताच एलईडी लुकलुकली तर आधी खोलीतला सीएफएल बंद करून बघा.

आणि हो, गाडीच्या चावीचा रिमोट यावर तपासू नका. तो रेडिओलहरींवर चालतो, त्याला रिसीव्हरच वेगळा लागतो.