मोटरसायकलच्या प्रवासात खिशात बाळगण्यासाठी छोटा टॉर्च कोणता घ्यावा?

कुंभार्लीचा वाटसरू

नमस्कार मंडळी. मी महिन्यातून एकदा पुण्याहून चिपळूणला मोटरसायकलने जातो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट असा माझा ठरलेला रस्ता आहे. गाडी १५० सीसीची असून दोन्ही टायर ट्यूबलेस आहेत.

गेल्या श्रावणात हेळवाकच्या अलीकडे, रात्री आठच्या सुमारास, मागचे चाक पंक्चर झाले. पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हवा भरण्याचा छोटा पंप जवळ होता, ते वापरण्याचा सरावही होता. नव्हता तो फक्त उजेड. मोबाईलमध्ये बारा-तेरा टक्के चार्ज उरला होता, पाऊस भुरभुरत होता आणि ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नव्हती. एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने चाक फिरवत खिळा शोधण्यातच वीस मिनिटे गेली. छिद्रात रबराची पट्टी बसवून होईपर्यंत मोबाईल बंद पडला आणि घरी कळवणेही शक्य झाले नाही. आई-बाबा दोन तास जागे बसून होते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून आता वेगळा टॉर्च घ्यायचे ठरवले आहे. तो जॅकेटच्या खिशात मावावा, पावसात चालावा आणि अडीच हजार रुपयांच्या आत मिळावा, एवढ्याच माझ्या अपेक्षा आहेत. जाहिरातींत मात्र उजेडाचे माप म्हणून कोणी हजार ल्युमेन म्हणतो, कोणी पाच हजार. या आकड्यांपैकी आपल्या कामाचे कोणते आणि कपाळाला बांधायचा दिवा बरा की हातात धरायचा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

रात्रपाळी

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच हकिकतीत आहे. त्या रात्री तुम्हाला उजेड कमी पडला नव्हता, हात कमी पडला होता. त्यामुळे ल्युमेनच्या आधी असे पाहा की हा टॉर्च हातात न धरता, हव्या त्या जागी, हव्या त्या दिशेने उभा राहतो का.

माझ्या मते मोटरसायकलस्वारासाठी सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे काटकोनी टॉर्च, ज्याचे अंग उभे असते आणि उजेड बाजूने पडतो. त्याला खिशाला अडकवण्याची क्लिप आणि बुडाशी लोहचुंबक असला, तर तो छातीच्या खिशाला लावता येतो, गाडीला चिकटवता येतो किंवा जमिनीवर उभा करता येतो. यांपैकी बऱ्याच टॉर्चसोबत कपाळाचा पट्टाही मिळतो, त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्नही निकालात निघतो. फक्त कपाळाचा दिवा पावसाळ्यात वापरून पाहिलेल्यांना ठाऊक असेल की पाच मिनिटांत सगळी पाखरे आणि किडे डोळ्यांभोवती जमतात. तोच टॉर्च छातीला लावला की हा त्रास बराच कमी होतो.

आता आकड्यांविषयी. टायर, साखळी किंवा फ्यूज हातभर अंतरावरून पाहायला २० ते ५० ल्युमेन पुरतात. त्याहून जास्त उजेड ओल्या टायरवरून आणि क्रोमवरून उलटा डोळ्यांवर येतो. रस्त्याने चालत जायला १०० ते २०० ल्युमेन भरपूर झाले. हजार ल्युमेनची गरज क्वचित, दरीच्या बाजूला काही शोधताना वगैरे पडते. शिवाय एवढ्याशा अंगातून हजार ल्युमेन निघू लागले की टॉर्च तापतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत स्वतःहून उजेड उतरवतो.

टॉर्चच्या मोजमापासाठी २००९ पासून एफएल-१ नावाचे अमेरिकन मानक आहे आणि बऱ्याच चांगल्या कंपन्या ते पाळतात. त्यात टॉर्च 'किती वेळ चालतो' हे मोजताना उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. म्हणजे खोक्यावर 'हजार ल्युमेन, तीन तास' असे असले, तरी त्या तीन तासांतला बराचसा काळ तुमच्या हाती जेमतेम दीडशे-दोनशे ल्युमेन असू शकतात. झोताचे अंतरही असेच समजून घ्यावे लागते. उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तिथपर्यंतचे अंतर खोक्यावर छापतात. दोनशे मीटरवर चांदणे पाडणाऱ्या टॉर्चने दोनशे मीटरवरचा खड्डा दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. तुम्हाला तर लांब जाणारा झोत नकोच आहे, पसरट उजेड हवा आहे.

पाण्यासाठी आयपीएक्स-७ किंवा आयपीएक्स-८ पाहा. पहिल्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो असा, आणि दुसरा त्याच्याही पुढचा. पुढचे टोक मागे-पुढे सरकवून झोत लहान-मोठा करण्याचे टॉर्च बाजारात फार दिसतात, पण त्या सरकत्या फटीतून पाणी शिरण्याचा धोका असतो, म्हणून पावसाळी प्रवासासाठी ते टाळलेले बरे. बटण हातमोजा घालून सापडते का, हे दुकानातच हातमोजा घालून पाहा.

दहा-बाराचा पाना

मी साताऱ्यात दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, त्यात कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

खिळा शोधताना सगळेजण टॉर्च टायरच्या समोर धरतात, तिथेच वेळ जातो. समोरून पडलेल्या उजेडात काळे ओले रबर सगळीकडे सारखेच चमकते. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, टॉर्च टायरच्या कडेला, जवळजवळ रबराला टेकवून ठेवावा आणि उजेड नक्षीवरून आडवा जाऊ द्यावा. मग चाक सावकाश फिरवले की प्रत्येक खाचेची सावली एका दिशेला पडत जाते आणि खिळ्याचे घासून चकचकीत झालेले डोके त्या सावल्यांमध्ये एकदम उठून दिसते. बारीक तार असेल तर तिची सावली तारेपेक्षा लांब पडते, म्हणून आधी सावली सापडते आणि मग तार. खिळा दिसल्याबरोबर पक्कडीने उपटू नये. आधी तिथे खडूने खूण करावी आणि तो कोणत्या कोनात शिरला आहे ते पाहून घ्यावे, कारण पट्टी बसवण्याचा टोच्याही त्याच कोनात घालावा लागतो.

चुंबकाबद्दल एक सूचना आहे. इंजिनाचे आवरण ॲल्युमिनियमचे असते आणि बाजूचे पत्रे म्हणजे हल्ली बहुतेक प्लास्टिकच, त्यामुळे तिथे चुंबक चिकटत नाही. लेग गार्ड, डबल स्टँड आणि चेसिसचे नळ लोखंडी असतात, तिथे तो घट्ट बसतो. पेट्रोलची टाकी बहुधा पत्र्याची असते, पण चुंबकाला चिकटलेल्या लोखंडी कणांनी तिच्या रंगावर चरे पडतात. गरम सायलेन्सरपासून टॉर्च लांबच ठेवावा.

उजेडाचा रंगही पाहून घ्या. निळसर पांढऱ्या उजेडात तपकिरी आणि लाल वायर ओळखताना चूक होते, तेलाचा ओघळ आणि पावसाचे पाणी यांतला फरक कळत नाही. चार ते पाच हजार केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचे माप), सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) नव्वदच्या वर असलेला टॉर्च मिळाला तर अवश्य घ्यावा. त्यासाठी ल्युमेन थोडे कमी मिळाले तरी चालेल.

सह्यकडा

आपण सर्वांनी टॉर्च कोणता घ्यावा हे छान सांगितले आहे. तो कोणत्या खिशात ठेवावा, एवढेच मला सांगायचे आहे, कारण माझ्या दृष्टीने ती गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे.

तीन वर्षांपूर्वी ओल्या वळणावर, अगदी कमी वेगात, माझी गाडी घसरली. जॅकेट, हातमोजे आणि बूट यांनी आपापले काम चोख केले. जीन्सच्या पुढच्या खिशात मात्र धातूचा, करंगळीएवढा टॉर्च होता आणि मी नेमका त्याच बाजूवर पडलो. कमरेच्या हाडावर टॉर्चच्या आकाराचा काळानिळा वळ उठला आणि पुढचे जवळजवळ सहा आठवडे मला त्या कुशीवर झोपता आले नाही. वेग थोडा अधिक असता तर हाड मोडले असते, असे डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून कोणतीही कठीण वस्तू मी बरगड्यांवर, कमरेच्या हाडावर किंवा पाठीच्या कण्यासमोर येईल अशी ठेवत नाही. पाठीवरच्या सॅकमध्येही टॉर्च मणक्याला टेकणाऱ्या कप्प्यात नको. गाडी चालवताना तो टँक बॅगेत, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या बॅगेत, रुमालात गुंडाळून ठेवावा, आणि गाडी थांबल्यावर छातीच्या खिशाला लावावा. 'खिशात मावणारा' टॉर्च जरूर घ्या, पण चालत्या गाडीवर तो खिशात ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कुंभार्लीचा वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. आडव्या उजेडाची युक्ती आजच रात्री पार्किंगमध्ये करून पाहिली. टायरमध्ये अडकलेला काचेचा एक बारीक तुकडा सापडला, जो दिवसा कधी दिसला नव्हता.

काटकोनी टॉर्च घ्यायचा हे नक्की केले आहे. आता दोन पर्याय समोर आहेत. एक साध्या पेन्सिल सेलवर (एए मापाच्या) चालतो, दुसऱ्यात १८६५० नावाचा, चार्ज होणारा लिथियम सेल असतो. कोणता निवडावा?

रात्रपाळी

तुमच्या वापराला पेन्सिल सेलचा टॉर्च अधिक योग्य आहे, असे मला वाटते.

१८६५० सेल म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्यात ऊर्जा पुष्कळ मावते आणि रोज रात्री तास-दोन तास टॉर्च वापरणाऱ्याने तोच घ्यावा. तुमचा टॉर्च मात्र महिनेच्या महिने पडून राहणार आणि मग एका रात्री अचानक लागणार. अशा वेळी सेल उतरलेला निघाला, तर पाटणपासून चिपळूणपर्यंतच्या साध्या दुकानांत १८६५० मिळणे कठीण आहे, पण पेन्सिल सेल किराणा दुकानात आणि पानाच्या टपरीवरही मिळतो. पुढे कधी १८६५० घेतलाच, तर ९९०० एमएएच (सेलच्या क्षमतेचे माप) असे छापलेला सेल घेऊ नका, तो आकडा साफ खोटा असतो. चांगल्या सेलची क्षमता साधारण २५०० ते ३५०० असते आणि वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. हातात हलका लागला की शंका घ्यावी.

पेन्सिल सेलचीही एक मोठी खोड आहे. साधे अल्कलाइन सेल आत ठेवून विसरले की ते पाझरतात, आतली स्प्रिंग हिरवी-पांढरी होते आणि टॉर्च कायमचा जातो. म्हणून टॉर्चमध्ये चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइड सेल ठेवावा. त्यातला आपोआप कमी उतरणारा प्रकार वर्षभर पडून राहिला तरी बराचसा चार्ज टिकवून ठेवतो. अल्कलाइन सेलची जोडी वेष्टणासकट बॅगेत वेगळी असू द्यावी. पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेलही मिळतो, पण त्याचा दाब ३.७ व्होल्ट, म्हणजे दुपटीहून अधिक असतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात स्पष्ट परवानगी असल्याशिवाय तो घालू नये, दिवा जळू शकतो.

प्रवासात मागचे झाकण पाव आटा सैल करून ठेवण्याची सवयही लावून घ्या. बहुतेक टॉर्चमध्ये त्याने विद्युतप्रवाह तुटतो आणि बॅगेत बटण दाबले जाऊन सेल संपण्याचा धोका उरत नाही. गाडीच्या हादऱ्यांनी झाकण पूर्ण निघत नाही ना, हे मात्र पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तपासा.

दहा-बाराचा पाना

कुंभार्लीत धुके असते, म्हणून एक राहिलेली गोष्ट सांगतो. धुक्यात टॉर्च डोळ्यांजवळ धरून तेज वाढवले, तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. उजेड कमी करून टॉर्च गुडघ्याच्या उंचीवर, जमिनीकडे रोखून धरला की रस्त्याची कड दिसते. गाडी वळणावर बंद पडली असेल तर ती आधी ढकलून सरळ भागात, डोंगराच्या बाजूला घ्यावी आणि चारही इंडिकेटर चालू करता येत असतील तर करावेत. येणाऱ्या ट्रकच्या काचेवर झोत कधीही मारू नये, चालकाचे डोळे दिपतात. स्वतःच्या गाडीवर आणि रस्त्यावर उजेड पाडला की त्याला गाडी उभी असल्याचे लांबूनच कळते.

कुंभार्लीचा वाटसरू

पेन्सिल सेलवर चालणारा काटकोनी टॉर्च आला. काल रात्री पार्किंगमधला दिवा मालवून, हातमोजे घालून, सीट काढून फ्यूज बदलण्याचा सराव केला. टॉर्चचे बटण अंगाशी इतके सपाट आहे की हातमोज्यातून बोटाला ते सापडत नव्हते. जुन्या ट्यूबचा शेंगदाण्याएवढा तुकडा कापून त्यावर चिकटवला, आता अंधारात पहिल्याच खेपेस अंगठा बरोबर बसतो. चेसिसच्या नळाला चुंबक लावला तेव्हा दोन्ही हात मोकळे होते आणि फ्यूज चार मिनिटांत बदलून झाला.