पत्रिकेतला ळ, अर्जंट, आज सातच्या आत

प्रेषक: वरमाई, राजेंद्र नगर

नमस्कार मंडळी, इंदूरच्या प्रेसकडून लग्नपत्रिकेचं तिसरं प्रूफ आलंय आणि अजूनही प्रत्येक ळ चा ल. आमचं आडनाव सगळ्यांना माहीतच आहे, त्यात ल घातला की आडनाव राहत नाही, हिंदीतला रंग होतो. स्थळ चं स्थल, मंगळवार चा मंगलवार, वेळ ची वेल. "वऱ्हाड" मधला र तर ह च्या डोक्यावर चढून बसलाय. मी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर नीट टाइप करून दिला होता हो, पण ऑपरेटर म्हणतो आंटीजी, कोरेल में डालते ही बिखर जाता है, म्हणून त्याने सगळं हाताने परत टाइप केलं. सात वाजता छपाईची प्लेट बनणार, ४०० प्रती. मंडळाच्या स्मरणिकेचं कंपोज ज्यांनी केलं होतं ते अजून करतात का? नंबर मला पर्सनलवर द्या, इथे नको.

प्रेषक: रामबागचे काका

ते आता करत नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. ळ चं दुखणं जुनंच आहे. माझ्या मुंजीची पत्रिका शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली, कंपोझिटरकडे ळ चे खिळे मोजके, ते संपले की पठ्ठ्या सरळ ल लावायचा, आणि मग वडील रात्री कंदिलाशी बसून दीडशे पत्रिकांवर शाईपेनाने ळ करत होते. पण वहिनी, नुसत्या ळ वर भागणार नाही. ल आणि श पण बघा. हिंदी फाँटातला ल दांडीचा असतो, आपला पाकळीचा, आणि श आपला देठाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला त्यात हेच धरलंय, पाकळीयुक्त ल, देठयुक्त श. पत्रिका मराठी तर ती डोळ्यालाही मराठी दिसली पाहिजे.

प्रेषक: विजय नगर (कॉम्प्युटरवाला)

काका, पाकळी नंतर, आधी सात वाजतायत. काकू, बिखरण्याचं कारण सांगतो. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये आहे, म्हणजे मोबाइल लिहितो त्या प्रकारात, त्याचं कोरेल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) जुनं आणि फाँट कृतिदेव. कृतिदेव म्हणजे इंग्रजी कळांवर चिकटवलेली देवनागरीची चित्रं. त्यात युनिकोड पेस्ट केलं की जुन्या कोरेलला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. मी मजकूर लावून पीडीएफ करून देतो, अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्रासारखी, मग त्याच्याकडे कुठला फाँट आहे याचा संबंधच उरत नाही. आणि प्रूफ पीडीएफच मागा. फोटोत अनुस्वार गळालाय की फोटोच फुटलाय ते कळत नाही, "सौ. कां." वरचं टिंब तसंच गेलंय बघा.

प्रेषक: चिटणीस

सर्वांना नम्र विनंती, ही लिस्ट मंडळाच्या सूचनांसाठी आहे. आज लग्नाचं प्रूफ आलं, उद्या बारशाचंही येईल. दुसरं, स्मरणिकेचा विषय निघालाच आहे तर, कंपोज बाहेरचं होतं पण आठही फॉर्मचं प्रूफ मी एकट्याने वाचलं, याची नोंद असावी. बाकी वहिनी, मजकूर मला पाठवा, बघून देतो. "श्रीकृपेकरून" एक शब्द आहे, तोडू देऊ नका.

प्रेषक: तिलक नगरची मावशी

चिटणीस साहेब, बारशाचं आलं होतं की, तुमच्याच नातीचं.

अगं वरमाई, सासूबाईंच्या नावाआधी गं. भा. दिसतंय, ते ठेवणार आहेस? २०२३ मध्ये महाराष्ट्रात सरकारातूनच विधवांसाठी गं. भा. ची टूम निघाली तेव्हा केवढा गदारोळ झाला. श्रीमती लिही.

प्रेषक: रामबागचे काका

> श्रीमती लिही.

हिंदीत श्रीमती सवाष्णीलाही लावतात. इथे निम्मे पाहुणे हिंदी वाचणारे, ते काय समजणार? गं. भा. मध्ये निदान मान आहे.

प्रेषक: तिलक नगरची मावशी

मान वाटतो का ते त्यांनाच विचारा ना.

प्रेषक: वरमाई, राजेंद्र नगर

विचारलं. आई म्हणाल्या नावाआधी काही नको, नाव मोठ्या अक्षरात टाका, चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. तर गं. भा. पण नाही, श्रीमती पण नाही.

आता नवीन घोळ ऐका. पीडीएफ यायच्या आत आमच्या यजमानांनी प्रेसला फोन करून सांगितलं, भिया, ल की जगह ळ कर दो. त्याने फाइंड रिप्लेस मारलं. चौथं प्रूफ आलंय, "शुभमंगळ", "ळग्न", "आपळी उपस्थिती प्रार्थनीय". हॉलच्या पत्त्यात "तिळक नगर". आडनाव मात्र पहिल्यांदाच बरोबर आलंय, त्यामुळे हे खूश होऊन बसलेत.

प्रेषक: लोकमान्य नगर

कागद कुठला घेतलाय ते कुणी विचारतच नाहीये. ३०० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम. ए४ त्याचा सोळावा भाग, म्हणजे तेवढं कार्ड दुमडून केलं तर नुसत्या कार्डाचेच पावणेएकोणीस ग्रॅम. वर पाकीट, वर अक्षता, झाला २० ग्रॅमचा टप्पा पार. माझ्या मुलीच्या वेळी तिकीट कमी पडलं आणि व्याह्यांच्या मामांनी पैसे भरून पत्रिका सोडवून घेतली, अजून प्रत्येक कार्यात ऐकवतात. २५० घ्या. आणि रजिस्टरच्या भानगडीत पडू नका, २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच गेलंय.

प्रेषक: तिलक नगरची मावशी

पहिली पत्रिका खजराना गणपतीलाच ना? की तुमच्याकडे उज्जैनला चिंतामणला? खजरान्याला जाणार असाल तर मला गाडीत घ्या, बुधवार सोडून, बुधवारी पाय ठेवायला जागा नसते.

प्रेषक: विजय नगर (कॉम्प्युटरवाला)

पीडीएफ प्रेसला गेली, काकू तुम्हाला पण पाठवलीय, चिटणीस साहेबांनी वाचलीय, अनुस्वार दोन वाढलेत. ऑपरेटरशी पण बोललो. कृतिदेवमध्ये ळ आहेच, शिफ्ट दाबून जी. त्याने माझ्यासमोर दाबून पाहिला, म्हणाला अरे भिया, ये तो यहीं बैठा था.

प्रेषक: रामबागचे काका

ल ची पाकळी?

प्रेषक: विजय नगर (कॉम्प्युटरवाला)

आहे काका. श चा देठ पण आहे.

प्रेषक: वरमाई, राजेंद्र नगर

प्लेट गेली. सगळ्यांचे आभार. पण आत्ता लक्षात आलं, पाकिटं पहिल्या प्रूफच्या वेळीच छापून घरी आलीत, ४५०, वर डाव्या कोपऱ्यात आमचं आडनाव. ल चं.

प्रेषक: रामबागचे काका

रविवारी सकाळी येतो. बारीक निबचं शाईपेन काढून ठेवा, जेल पेन नको, गुळगुळीत पाकिटावर फिसकटतं. आधी एका पाकिटावर करून बघू. पोहे किती वाजता?