उंदराचा चिवटपणा आणि माझे बाबा

डिचोलीचा मुलगा
एका व्याख्यानात ऐकलेलं तीन दिवस डोक्यातून जात नाही. एका उंदराला रोज काही मिनिटं दांडग्या उंदराच्या पिंजऱ्यात सोडतात. मार खाल्ला की मध्ये भोकांचा पडदा घालून दोघांना शेजारी शेजारी ठेवतात. असं 10 दिवस. बहुतेक उंदीर मग कुणाजवळच जात नाहीत, साखरेचं पाणीही त्यांना नको होतं. साधारण एक तृतीयांश मात्र सावरलेले राहतात. त्यांच्या मेंदूतलं गुपित शोधून चिवटपणाचं औषध करायचं, असा हा विचार.

आमचा खनिजाचा ट्रक 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा अंगणात उभा राहिला. बँकेचे हप्ते चालूच. बॅटरी उतरू नये म्हणून बाबा रोज सकाळी सातला इंजिन सुरू करायचे, दहा मिनिटं सीटवर बसायचे, किल्ली खिळ्याला अडकवायचे. पुढे तेही सुटलं. त्यांना काम हवं होतं. रोजगार गेलेल्या माणसाच्या मेंदूत दोष शोधायचा, हे मला पटत नाही.

फोंड्याची शिक्षिका
भाऊ, दुःख समजते, पण निष्कर्ष पटत नाही. बेंगळुरूला मेंदूशास्त्रज्ञ सुमंत्र चटर्जींच्या प्रयोगशाळेने 2002 साली दाखवलं की उंदरांना रोज 2 तास जखडून ठेवलं, तर 10 दिवसांत आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात आणि भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डलात मात्र त्या वाढतात. पुढे 21 दिवस आराम दिला तेव्हा हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डला नाही. म्हणजे उद्या खाण सुरू झाली तरी माणूस लगेच पहिल्यासारखा होईलच असं नाही. हे कळलं की "मन घट्ट कर" म्हणणाऱ्यांचं तोंड बंद होतं. दोष दाखवणं आणि इजा दाखवणं यात फरक आहे.

आणि ते सावरलेले उंदीर! 2007 च्या अभ्यासात दिसलं की ताण त्यांनाही लागलेला असतो, पण त्यांच्या मेंदूतल्या पेशी पोटॅशियम बाहेर सोडणारे जास्तीचे मार्ग उघडून आपली विजेची धडधड आवरतात. चिवटपणा म्हणजे मेंदूने केलेलं काम. मला तरी यात मोठा दिलासा वाटतो.

साखळीहून
ताई, दांडगा उंदीर मादीवर सहसा हल्ला करत नाही, म्हणून हा प्रयोग वर्षानुवर्षं बहुतेक नरांवरच झाला. या धाग्यातही तेच चाललंय. ट्रकाची गोष्ट आली, बाबांची आली. त्या घरातल्या आईला कुणी विचारलं?

पेडण्याचा वाचक
औषध की रोजगार, एवढेच दोन रस्ते नाहीत. आपल्या गोव्यातच 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेने बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर चाचणी केली, 2017 साली ती छापून आली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. 6 ते 8 बैठका, आणि भर एकाच गोष्टीवर: सुटलेली रोजची कामं थोडी थोडी परत धरायची. 3 महिन्यांनी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले, त्यांच्यात 39 टक्के. पिंजरा नाही, गोळी नाही. पैसा आधी इथे घाला.

फोंड्याची शिक्षिका
घालाच. पण 64 म्हणजे 100 नव्हेत. उरलेल्या 36 जणांसाठी प्रयोगशाळा हवीच, त्यांना कुठे पाठवणार?

डिचोलीचा मुलगा
रोजचं काम परत धरायचं, हे वाचून थांबलो. बाबांची ती दहा मिनिटं तशीच होती. ती सुटली तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं, डिझेल वाचलं म्हणून. चुकलंच आमचं. इजेबद्दल ताईंचंही मान्य. गोळी आधी की माणूस आधी, यावर मात्र मी पेडण्याच्या बाजूने.

साखळीच्या ताई, काल रात्री आईला विचारलं. म्हणाली, "इंजिनाचा आवाज आला की मी चहा ठेवायचे. ज्या दिवशी आवाज आला नाही, त्या दिवशी चुलीपाशी बसून राहिले. त्यांना हाक मारायची भीती वाटली."