मेटॅलिकाचा काळा अल्बम सगळ्यांसाठी केला, म्हणून तो कमी दर्जाचा का?

रिफवेडा:
मेटॅलिका हा अमेरिकन मेटल बँड पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकतोय, एक अल्बम नीट मुरल्याशिवाय पुढचा लावायचाच नाही असं ठरवलंय. 1988 चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' संपवला आणि काल 1991 चा काळा अल्बम (नाव नुसतं 'मेटॅलिका', पण काळ्या कव्हरमुळे सगळे असंच म्हणतात) लावला, जगासाठी जुना पण माझ्यासाठी अगदी नवाकोरा. 'एंटर सँडमॅन' आधी कानावर पडलं होतं, पण आख्खा अल्बम सलग ऐकताना काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. आधीच्या गाण्यांत रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी छोटी धून, मध्येच वळण घेते, वेग बदलतो, पाच मिनिटांनी कळतं की आपण कुठल्या कुठे आलो, आणि इथे सगळं सरळ, एक रिफ, एक कोरस, झालं. आवाज जबरदस्त आहे हे मान्य. पण जास्त लोकांपर्यंत पोचायचं म्हणून मुद्दाम सोपं केलं का? ज्यांनी खूप वर्षं ऐकलंय त्यांनी जरा सांगा.

जुना_कान:
सोपं केलं हे खरंय आणि मुद्दाम केलं हेही खरंय, पण ते सोपं करायला ते 1990 च्या ऑक्टोबरपासून 1991 च्या जूनपर्यंत स्टुडिओत बसले होते हे लक्षात घे. 'जस्टिस'वर नऊ गाणी आहेत, काळ्यावर बारा, आणि एकूण वेळ दोन्हींचा तासाच्या थोडा वरच, म्हणजे कात्री कुठे लागली ते कळतं. 'जस्टिस'चं शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं, ते स्टेजवर वाजवताना समोरचे लोक कंटाळलेले दिसायचे असं त्यांचा गिटारवादक हॅमेटनेच नंतर सांगितलंय. मग त्यांनी बॉब रॉकला प्रोड्यूसर घेतलं कारण त्याने केलेल्या मॉटली क्रू या बँडच्या 'डॉक्टर फीलगुड' अल्बमचा भरदार आवाज त्यांना आवडला होता. रॉकने त्यांना एकाच खोलीत समोरासमोर बसवून एकत्र वाजवायला लावलं, तोवर ते एकेकटे वाजवून थर चढवायचे. आणि माझा आवडता किस्सा म्हणजे, रॉकने विचारलं की तुमची सगळी गाणी ई मध्येच का, तर हे म्हणाले गिटारचा सगळ्यात खालचा सूर तोच ना! त्याने सांगितलं की मॉटली क्रूवाले गिटार आणखी खाली, डी पर्यंत उतरवतात. त्यातून काळ्यावरचं 'सॅड बट ट्रू' खालच्या सुरात आलं. ते गाणं मोठ्या आवाजात लाव, गिटार थांबते तिथली शांतता पण जड वाटते बघ. रिफ तीनचारच आहेत पण प्रत्येकीला पुरेशी जागा दिलीये, आणि एवढी जागा सोडून वाजवायला धीर लागतो.

बेसवाली:
मी बेस गिटार वाजवते त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी असेल. 'जस्टिस'वर बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन 1986 मध्ये वारला, त्याच्या जागी आलेल्या न्यूस्टेडचा बँडसोबतचा हा पहिला पूर्ण अल्बम आणि त्यात बिचाऱ्याचं वाजवणं मिक्समध्ये पार गाडून टाकलेलं. काळ्या अल्बमवर तो माणूस पहिल्यांदा नीट भेटतो. त्यातल्या 'द गॉड दॅट फेल्ड'ची सुरुवात हेडफोन लावून ऐक, नुसता बेस, तारेवरचा ठोका कळतो. मी शिकत होते तेव्हा ती सुरुवात इतक्या वेळा वाजवलीये की मोजदाद नाही. जास्त लोकांसाठी केलेल्या अल्बमने मला माझं वाद्य ऐकवलं, त्याला मी कमी कसं म्हणू?

वेगाचा_माणूस:
मी मात्र रिफवेडाच्या बाजूने आहे. आवाज सुधारला, बेस आला, सगळं कबूल, पण गेलं ते पण मोजायला हवं. आधीच्या चारही अल्बमवर एकेक बिनशब्दांची रचना होती, इथे एकही नाही. 'माय फ्रेंड ऑफ मिझरी' मुळात तशीच होणार होती, बेसच्या त्या सुरुवातीवर, मग तिचं पण शब्दांचं गाणं झालं. गाणं वाईट नाहीये, पण 'ओरायन' ही त्यांची आधीची बिनशब्दांची रचना ऐकून मी या बँडच्या प्रेमात पडलो आणि माझ्यासारख्या माणसाला या अल्बमवर घर सापडत नाही. ते चुकले असं म्हणत नाही, मला दुखलं एवढंच सांगतोय.

जुना_कान:
@वेगाचा_माणूस हे पटतं, 'ओरायन'ची जागा इथे कोणी घेत नाही. फक्त याच अल्बमवरच्या 'नथिंग एल्स मॅटर्स'ला कोणी रेडिओसाठी केलेलं गाणं म्हणू नये. त्यांचा गायक-गिटारवादक हेटफिल्ड एका हातात फोन धरून बोलत होता आणि दुसऱ्या हाताने गिटारच्या मोकळ्या तारा छेडत होता, त्यातून ती सुरुवात आली, आणि ते गाणं बँडला दाखवायचं पण त्याच्या मनात नव्हतं. त्यातला गिटार सोलो पण हॅमेटचा नाही, हेटफिल्डचाच.

तबकडी:
याच वाटेवरचा, म्हणजे जास्त लोकांसाठी केलेला, अजून एक अल्बम ऐका, डेफ लेपर्ड या बँडचा 1987 चा 'हिस्टेरिया'. तिथे प्रोड्यूसर मट लँगला प्रत्येक गाणं हिट होईल असाच हार्ड रॉक अल्बम करायचा होता, आणि बँडने तो पुरा केला तो ड्रमर रिक ॲलनचा डावा हात अपघातात गेल्यानंतर, तो पायाने वाजवायला नव्याने शिकल्यावर. सात सिंगल, म्हणजे वेगळी काढलेली गाणी, निघाली त्यातून. मला तो काळ्यापेक्षा गोड वाटतो, जरा जास्तच गोड, पण कोरस एकावर एक रचलेत ते ऐकण्यासारखे आहेत.

रिफवेडा:
आत्ता 'द गॉड दॅट फेल्ड' हेडफोनवर तीनदा ऐकलं. बेसवाली, तारेवरचा ठोका खरंच कळतो! काल स्पीकरवर हे सगळं निसटलं होतं. 'ओरायन'ची आठवण येतेच आहे, ती जाणार नाही. पुढचा 1996 चा आहे ना, तो एवढ्यात लावत नाही, अजून महिनाभर इथेच थांबतो.