थंडीत एसी कोण लावतंय?

(बेळगावातल्या आपल्या अपार्टमेंटचा ग्रुप, डिसेंबरमधला एक शनिवार)

ए-२०२ अक्का, सकाळी ७.४०
कुणाचा एसी गळालाय? दोरीवरची माझी दोन पातळं आन् नातवाचा गणवेश परत भिजलाय. काल संध्याकाळी हात लावून बघितलेलं, खडखडीत वाळलेलं. आता बघते तर चिंब. आन् असल्या थंडीत एसी कोण लावतंय ते तरी कळू दे.

ए-१०२ मामा
दव पडलं असेल अक्का.

ए-२०२ अक्का
दव काय एकाच दोरीवर पडतंय व्हय? रात्रभर टप टप टप वाजालंय. झोप न्हाई.

ए-३०२ वहिनी
अक्का, आमचाच असणार. माफ करा. मागच्या रविवारी बसवलाय. पण मलाच कळेना झालंय, आम्ही थंड हवा लावतच नाही. सासूबाईंचे गुडघे धरतात म्हणून गरम हवेवर चालवतो. मग पाणी कुठून येतंय? बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "नवीन मशीन आहे मॅडम, आठ दिवसांत सेट होईल."

बी-३०१
एसी गरम हवा पण देतो? आत हीटर असतो का?

बी-१०४ काका
सेट होईल म्हणे. एसी काय लोणचं हाय मुरायला?

बी-१०४ काका
वहिनी, तुमचं मशीन बिघडलेलं नाही. गरमवर टाकलं की बाहेरच्या युनिटातून पाणी पडणारच. उन्हाळ्यात आतली जाळी गार होते, खोलीतला दमटपणा तिच्यावर पाणी होऊन जमतो आणि ड्रेन पाइपातून बाहेर जातो. आता सगळं उलटं. बाहेरच्या युनिटात फोर-वे व्हॉल्व असतो, तो गॅसची वाट फिरवतो. बाहेरची जाळी गार, आतली गरम. बाहेरच्या हवेतली ऊब ओढायची आणि खोलीत सोडायची. ह्यालाच हीट पंप म्हणतात. बाहेर १४ डिग्री असली तरी त्या हवेत ऊब असते, आपल्या अंगाला ती लागत नाही एवढंच. पण जाळी बाहेरच्या हवेपेक्षा गार झाली की तिच्यावर दव धरतं आणि खालच्या पत्र्याच्या भोकातून टपकतं. बरोबर खाली अक्कांची दोरी.

ए-१०२ मामा
म्हणजे मी दव म्हटलं ते बरोबरच की 😄

ए-२०२ अक्का
मामा, तुम्ही गप बसा.

बी-१०४ काका
वहिनी, खोक्यात काळी प्लास्टिकची एल आकाराची नळी आली होती का? बोटभर लांब. बरोबर रबराची दोन-तीन टोपणं.

ए-३०२ वहिनी
थांबा, खोकं माळ्यावर आहे. बघते.

ए-३०२ वहिनी
[फोटो] हे का? थर्माकोलच्या खाचेत पिशवीसकट होतं. पिशवी फोडलेलीसुद्धा नाही. मला वाटलं जादा सामान असेल.

बी-१०४ काका
तेच. ड्रेन एल्बो. खास गरम-थंड मशीनबरोबरच देतात. युनिटच्या बुडाला मोठं भोक असतं त्यात ही नळी, बाकीच्या भोकांना रबराची टोपणं, आणि नळीला पाइप जोडून खाली न्हाणीच्या आउटलेटपर्यंत न्यायचा. स्टँडवर युनिट टेकूनच बसवलं असेल तर नळीला जागा मिळणार नाही, पायांखाली रबरी ठोकळे घालून उचलावं लागंल. बर्फाच्या मुलखात ही टोपणं लावत नाहीत, पाणी आतच गोठतं. बेळगावात ती काळजी नाही. आपल्याकडं बसवणाऱ्यांना थंडवालीच मशीन बसवायची सवय, त्यामुळं ही पिशवी खोक्यातच राहते.

बी-२०३ सर
काका, पण मागे शिमल्याच्या मेव्हण्याकडे बघितलं, त्यांचा मधेच बंद पडून वाफ काढायचा. हाही तसंच करेल का?

बी-१०४ काका
तो डिफ्रॉस्ट. बाहेरच्या जाळीवर बर्फ धरलं की मशीन थोडा वेळ उलटं फिरतं आणि बर्फ वितळवतं. त्याला बाहेर पाच-सहा डिग्रीच्या खाली तरी यावं लागतं. इथं क्वचितच ती वेळ येईल. म्हणून तर बेळगावच्या थंडीला हे मशीन चांगलं लागू पडतं. खरी थंडी दीड-दोन महिने, तीही रात्रीची.

बी-३०१
मग वीज किती खातं? आमच्याकडे २००० वॅटचा हीटर आहे, बाबा रोज रात्री लावतात.

ए-३०२ वहिनी
ह्यांनी वहीच घातली आहे, सांगते. तो २००० वॅटचा हीटर पाच तास चालला की १० युनिट. महिन्याला ३००. हीट पंप एका युनिटात साधारण ३ ते ४ युनिटांची ऊब देतो, म्हणजे तेवढ्याच उबेला रोजचे तीनेक युनिट. महिन्याचे ९०-१००.

बी-३०१
आणि गृहज्योती? सरकारची फुकट विजेची सवलत जाईल का?

ए-३०२ वहिनी
त्याच्यासाठीच तर वही! आमचा घरचा वापर ९० च्या आसपास. हे ९० मिळवले की १८०. ठरलेल्या फुकट कोट्याच्या वरचे पैसे भरावे लागतील, चालेल. पण २०० ओलांडले की अख्खं बिल आपल्या माथी. मागच्या वर्षी हीटरनं तेच झालं, एका महिन्यात २०० च्या किती पुढे गेलो ते सांगत नाही. आता ह्यांनी मीटरखाली खडूनं रोजचं रीडिंग लिहायला सुरुवात केली आहे. भिंत कुणी पुसू नका, ती आमची आहे.

सेक्रेटरी
मीटर रूमची भिंत सगळ्यांची आहे, वहिनी.

ए-१०२ मामा
आमच्या आईनं शेगडीवर काढली सगळी थंडी. निखारे, वर जाळी, आणि झालं.

ए-३०२ वहिनी
मामा, ते अंगणात ठीक. बंद खोलीत शेगडी नको हं. कोळशाचा वायू डोक्यात जातो, माणूस झोपेतच जातं.

बी-१०४ काका
खरं हाय. चेष्टेत घेऊ नका मामा.

बी-१०४ काका
बी-३०१, तुम्ही घेणार असाल तर तीन गोष्टी. पहिली, "हॉट अँड कोल्ड" लिहिलेलंच घ्या. साध्या थंडवाल्याला नंतर गरम करता येत नाही. दुसरी, वरचे स्टार बघून गरमचा हिशोब करू नका. ते स्टार थंडाव्याच्या मापावर दिलेले असतात. गरमची क्षमता पुस्तकात वेगळी लिहिलेली असते, ती बहुतेक बाहेर ७ डिग्री धरून. तिसरी, टनाचा हव्यास नको. १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता. तुमची खोली १२ बाय ११ ची, तिला १ टन पुष्कळ.

बी-३०१
आणि बसवणं? दुकानात म्हणाले, बसवणं फुकट.

बी-१०४ काका
फुकटवाला माणूस दिवसाला सहा मशीन बसवतो, तुम्हीच समजा. वहिनी, एक विचारू? तुमच्याकडं किती वेळ लागला?

ए-३०२ वहिनी
पाऊण तास. भिंत ड्रिल करण्यासकट.

बी-१०४ काका
पाइपातली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावला होता का? लहान डब्याएवढं मशीन, घुर्र वाजतं, निदान १५-२० मिनिटं चालवतात.

ए-३०२ वहिनी
नाही. पाना घेऊन एक नट फिरवला, फुस्स आवाज आला, म्हणाला "हवा काढतो."

बी-१०४ काका
काढली नाही, ढकलली. मशीनमधलाच गॅस सोडून पाइपातली हवा बाहेर लोटली. थोडा गॅस गेला, थोडी दमट हवा आत राहिली. ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळली की आम्ल होतं, ते आतल्या मोटारीच्या तारांना (वाइंडिंगला) खातं. दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर जातो आणि आपण कंपनीला शिव्या घालतो. मी उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर हेच काम केलं, ओल असलेला कॉम्प्रेसर कापून बघितला की तेल कसं काळं पडतं ते डोळ्यांसमोर हाय. त्यात तुमच्यात आर-३२ गॅस, तो थोडा का होईना पेट घेणारा. तो खोलीत फुस्स करायचा नसतो.

बी-२०३ सर
अय्यो, माझं खानापूरच्या घरी हेच झालं. दोन उन्हाळे चांगला चालला, तिसऱ्याला गार होईना. दर वर्षी येऊन "गॅस कमी आहे" म्हणून भरून जायचे. शेवटी एका पोरानं साबणाचं पाणी लावलं, तर नटाखाली बुडबुडे. नळीचं पसरवलेलं तोंड, फ्लेअर म्हणतात ते, वाकडं केलेलं होतं. दोन वर्षं गॅस भरण्याचे पैसे गेले. ज्यानं बसवला तो फोन उचलत नाही.

बी-१०४ काका
गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळालंय. आधी गळती शोधायची, मग भरायचा. वहिनी, वॉरंटीत तक्रार टाका. आहे तो गॅस काढून घेऊन व्हॅक्यूम करून प्लेटवर लिहिल्याप्रमाणं वजनानं परत भरा म्हणून सांगा. वजनकाटा आणलाच पाहिजे. आणि तांब्याच्या दोन्ही नळ्यांवर काळं फोम आहे ना? थंडवाल्यात जाडीवर असलं तरी लोकांचं भागतं, गरममध्ये दोन्ही नळ्या तापतात, जाड तर चांगलीच, उघडी ठेवली तर ऊब गल्लीत.

ए-३०२ वहिनी
जाडीवर आहे, बारकीवर अर्ध्यातच संपलंय. 🤦

सासूबाई विचारतायत, सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं पंखाच फिरत नाही, तोही बिघाड का?

बी-१०४ काका
नाही, नाही. आतली जाळी तापल्याशिवाय पंखा सोडत नाही, नाहीतर म्हातारीच्या अंगावर गार झोत आला असता. पात्या खाली वळवा, गरम हवा वरच पळते.

सेक्रेटरी
आता ऑफिसचं बोलतो. बाहेरची भिंत ही कॉमन एरिया आहे, कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७२ नुसार ती एकट्याची नाही. इथून पुढे बाहेरचं युनिट डक्टच्या बाजूला, बीमवर, आणि पाइपासकट. पश्चिमेच्या भिंतीला भोक पाडणार असाल तर बाहेरच्या बाजूला उतार द्या. आपल्याकडचा जुलैचा सपकारा सगळ्यांना माहीत आहे. बी-३०१, वायर मीटरपासून वेगळी ओढा, वेगळा एमसीबी, अर्थिंग तपासून. आणि हेस्कॉमच्या वीजबिलावर तुमचा मंजूर लोड किती आहे तो आधी बघा, हीटर, गीझर आणि हे एकदम चालवलं तर फ्यूज माझ्या नावानं ओरडतो.

बी-२०३ सर
स्टँडचं पण सांगा. खानापूरला आमचं जुनं घर जांभ्याचं. जांभा ठिसूळ, फास्टनर दोन पावसाळ्यांत हलायला लागले. शेवटी भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आत पट्टी लावली.

सेक्रेटरी
नोटीस लावतो. मराठी आणि कन्नड दोन्हीत. सर, कन्नड तुम्ही तपासून द्या.

बी-२०३ सर
देतो. "ड्रेन एल्बो"ला काय लिहायचं?

ए-१०२ मामा
काळी नळी.

ए-२०२ अक्का
ते सगळं झालं, माझ्या पातळांचं काय?

ए-३०२ वहिनी
अक्का, दोन्ही पातळं आणि गणवेश द्या, मीच धुऊन वाळवून देते. आमच्या खोलीत तासाभरात वाळतील, गरम आहे ना.

ए-२०२ अक्का
आता आलीस लाइनीवर. कुंदा पण आण, तोंड गोड कर.

(रविवार)

ए-३०२ वहिनी, दुपारी १.१०
तंत्रज्ञ आला होता. ह्या वेळी दुसरा. काका समोर खुर्ची टाकून बसले होते, त्यामुळे पंप वीस मिनिटं चालला, मग पंप थांबवून काटा दहा मिनिटं पाहिला, हलला नाही. गॅस वजनानं भरला. एल्बो बसवला, पाइप खाली नेला. दोन नळ्यांवर नवीन फोम. काका, चहा अर्धाच राहिला तुमचा.

बी-१०४ काका
चहा नंतर. पाइपला क्लँप एकच मारलाय, वाऱ्यानं हलंल. आणखी दोन मारून घ्या.

(सोमवार)

ए-२०२ अक्का, सकाळी ७.१५
कपडं कोरडं हाय. 🙏

ए-१०२ मामा, सकाळी ७.२२
वहिनी, तो पाइप हलला का हो रात्री? माझ्या चपला भिजल्यात.