अनुभव धागा : आपल्याला भेटलेली लोइस लेन

सुपरमॅन आणि वार्ताहर लोइस लेन ही दोन्ही पात्रे ‘ॲक्शन कॉमिक्स’ या चित्रकथांच्या मासिकाच्या जून १९३८ च्या एकाच अंकातून वाचकांसमोर आली. क्लीव्हलँडमधील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी ती घडवली. लोइसचे रूप ठरवण्यासाठी त्यांनी जोआन कार्टर या मुलीला समोर बसवून रेखाटने केली होती, आणि पुढे १९४८ मध्ये तिचे सीगल यांच्याशी लग्न झाले. त्या पहिल्याच कथेत अंगचटीला येणाऱ्या गुंडाच्या थोबाडीत लोइस ठेवून देते आणि शेजारचा क्लार्क केंट, म्हणजे वार्ताहराच्या वेशातला सुपरमॅनच, सोंग म्हणून का होईना, नांगी टाकतो. सुपरमॅनवर आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे, म्हणून हा धागा तिच्यासाठी आहे. ती कुठे भेटली, आवडली की खटकली, आणि बातमीदारीशी आपला संबंध असल्यास तिच्यात ओळखीचे काय वाटले, ते सविस्तर लिहावे. ‘मलाही आवडते’ एवढेच लिहून थांबू नये, ही विनंती.

निवृत्त उपसंपादक, ठाणे

१९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटातील मार्गो किडरची लोइस मी पाहिली तेव्हा मुंबईतील एका दैनिकात नुकतीच लागले होते. त्या काळी आमच्यासारख्या मुलींच्या वाट्याला रविवारची पुरवणी येत असे. पाककृती स्पर्धांचे निकाल, महिला मंडळांची वार्षिक संमेलने आणि फार झाले तर एखाद्या समाजसेविकेची मुलाखत यापलीकडे मजल जात नसे. मला कोर्ट हवे होते. ‘तिथे बायकांनी ऐकू नये असे बरेच काही असते,’ असे आमचे मुख्य वार्ताहर प्रेमाने सांगत, आणि त्या प्रेमापुढे भांडणेही कठीण होई. पुढे १९३८ ची मूळ कथा वाचनात आली, तेव्हा तीतली लोइसही दिवसभर रडक्या कहाण्या खरडून कंटाळलेली दिसली आणि ही बाई आमच्याच टेबलावरची आहे, याची खात्री पटली.

चित्रपटातील तिचे शुद्धलेखन कच्चे आहे आणि संपादक पेरी व्हाइट तिची चूक दाखवतो, हे तर अगदी आमच्याच कचेरीतले. उत्तम बातमी आणणाऱ्यांच्या कॉप्या तपासताना माझी लाल शाई संपत असे, पण बातमी त्यांचीच असे. हेलिकॉप्टरमधून पडताना सुपरमॅन तिला अलगद झेलतो तो प्रसंग सर्वांना आठवत असेल. त्या स्थितीतही आभार मानण्याआधी, त्याला स्वतःला कोणी धरले आहे, ही चौकशी ती करते. हा वार्ताहराचा पिंड आहे आणि तो शिकवून येत नाही.

जुन्या अंकांचा वाचक, माटुंगा

मला ती बराच काळ मुळीच आवडली नाही, हे स्पष्ट लिहितो. किंग्ज सर्कलच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी तिच्या नावाने निघालेल्या मासिकाचे सुटे अंक जमवले. ते मासिक १९५८ ते १९७४ या काळात चालले आणि त्याचे १३७ अंक निघाले. त्यातील बहुतेक कथांमध्ये ही बाई बातमी सोडून सुपरमॅनला बोहल्यावर चढवण्याच्या खटपटीत असते, किंवा सुपरमॅनची बालमैत्रीण लाना लँग हिच्याशी हेवेदावे करत बसते. अपवाद नोव्हेंबर १९७० च्या अंकाचा. मेट्रोपोलिस या कथेतील शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीत तिच्याशी कोणी बोलायला तयार होत नाही, म्हणून ती यंत्राच्या साहाय्याने एका दिवसापुरती कृष्णवर्णीय होते, आणि शेवटी, जो तरुण तिच्यावर तोंडसुख घेत होता त्यालाच रक्त देते. आज ती कल्पना वाचताना संकोच वाटतो. कातडी बदलल्यावाचून दुसऱ्याचे दुःख कळत नाही काय, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही दारे का बंद झाली, हे शोधण्यासाठी ती त्या वस्तीत परत जाते, हे मला मोलाचे वाटले.

महापालिका वार्ताहर, मुंबई

माझे पती अग्निशमन दलात होते आणि माझ्याकडे महापालिकेबरोबर आगी-अपघातांच्या बातम्या असत, त्यामुळे लोइसच्या प्रेमापेक्षा तिची अडचण मला अधिक कळते. आमच्या घरी एकच नियम होता. आगीच्या वर्दीची माहिती मी भायखळ्याच्या नियंत्रण कक्षाकडून इतर वार्ताहरांप्रमाणे घ्यायची, जेवणाच्या टेबलावर नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. फोन क्वचितच लागत होते आणि ह्यांचे पथक सकाळपासून बाहेर होते. रात्री कक्षाचा फोन लागला तेव्हा मी बुडालेले भाग, सुटका झालेले लोक, मृतांचा आकडा असे ठरलेले सर्व प्रश्न विचारले आणि सर्व लिहून घेतले. माझा स्वतःचा प्रश्न मी विचारला नाही, कारण मागे बाकीचे वार्ताहर खोळंबले असतील. फोन ठेवण्यापूर्वी पलीकडून आवाज आला, “वहिनी, साहेब कुर्ल्याला आहेत. बरे आहेत.” त्यानंतर मी बातमीचा मथळा तीन वेळा बदलला, असे सहकारी सांगतात.

सुपरमॅनच्या मृत्यूची कथा मी त्यानंतर वाचली. जानेवारी १९९३ च्या त्या अंकात प्रत्येक पानावर एकच मोठे चित्र आहे. लोइसचे क्लार्कशी लग्न ठरलेले आहे आणि तोच सुपरमॅन आहे, हे तिला ठाऊक आहे. कचेरीला मात्र क्लार्क केवळ बेपत्ता वाटतो. म्हणजे साऱ्या शहराला उघड रडता येते आणि हिला आपले नेमके कोण गेले, हेच सांगता येत नाही. २०२५ च्या चित्रपटात ती आपल्याच घरी त्याची मुलाखत घेते आणि परदेशातील युद्धात त्याने कोणाला विचारून हात घातला, यावर त्याला धारेवर धरते. तो चिडतो. हे पाहून माझे पती म्हणाले, “ह्याच्या घरी नियम नाही वाटते.”

सेंट लुईसहून

इलिनॉय राज्यात मेट्रोपोलिस नावाचे खरेखुरे छोटे गाव आहे आणि तेथील साप्ताहिकाच्या नावातही, लोइसच्या ‘डेली प्लॅनेट’ या दैनिकाप्रमाणे, ‘प्लॅनेट’ आहे. सुपरमॅनच्या भव्य पुतळ्याभोवती छायाचित्रांसाठी गर्दी असते. लोइसचा पुतळा त्या मानाने माणसाच्या मापाचा आहे आणि नोएल नील या जुन्या अभिनेत्रीवरून घडवलेला आहे. माझ्या मुलीने तिच्याशेजारी उभे राहण्याचा हट्ट धरला, तेवढाच आमचा अनुभव.

निवृत्त उपसंपादक, ठाणे

माटुंग्याच्या वाचकांना एक विचारावेसे वाटते. १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि कॉमिक्स सोज्वळ झाली. लग्नाच्या त्या खटपटी नंतरच्या आहेत. १९४१ च्या पहिल्या व्यंगपटातील लोइस एकटीच विमान चालवत वेड्या शास्त्रज्ञाच्या अड्ड्यावर जाते आणि परतून पहिल्या पानाची बातमी देते. मधल्या संपादकांनी तिला पुरवणीत बसवले, याचा राग तिच्यावर का काढावा?